पेठेतल्या शाहिराच्या एका कॅसेटला विकिपीडियावर स्वतंत्र पान मिळावं का?

पेठेतला_डफ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथं मांडतो, कारण कोल्हापूरचं गाणंबजावणं जाणणारी आणि विकीवर लिहिणारी, दोन्ही प्रकारची माणसं इथं आहेत.

आमच्या पेठेत एक शाहीर होते. नाव आत्ता देत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय नको. नव्वदच्या दशकात त्यांची एक कॅसेट निघाली होती. ए साइडला राजर्षी शाहू महाराजांचा अख्खा पोवाडा, बी साइडला जोतिबाची दोन गाणी, एक लावणी आणि एक फटका. कंपनी म्हणजे इथल्याच एका दुकानदारानं स्वतःच्या पैशानं काढलेली. चैत्र यात्रेला आणि महाद्वार रोडला बऱ्यापैकी खपली, मग कंपनी बंद पडली, शाहीरही गेले. आज ती कॅसेट कुठं मिळत नाही.

मला तिचं मराठी विकिपीडियावर पान करायचंय. ज्या पोवाड्यावर आमची अख्खी गल्ली वाढली त्याची नोंद कुठंतरी राहिलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण एकजण म्हणाला असली पानं टिकत नाहीत, काढून टाकतात. मग टिकायला नेमकं लागतं काय?

रंकाळ्याचा_वारा

पान झालंच पाहिजे भावा! परदेशातल्या कुठल्या कुठल्या बँडच्या एकेका गाण्याला पानं असतात आणि आपल्या शाहिराला नाही? आणि कुणी काढायला आलं तर सांग, इथली पंचवीस-तीस पोरं खाती उघडून 'राहू द्या' म्हणून लिहून येतील. बघू कोण काढतंय.

चावडीवरचा

विकीवर बरीच वर्षं लिहितोय, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी रंकाळ्याचा_वारा यांना विनंती, ते पोरांचं करू नका. पान ठेवायचं की काढायचं ही चर्चा मतदान नसते. इंग्रजी विकीवर ती साधारण सात दिवस चालते आणि शेवटी निर्णय देणारा माणूस वर झालेले हात मोजत नाही, मुद्दे वाचतो. एकाच दिवशी उघडलेली तीस खाती आली की उलट संशय येतो आणि चांगल्या विषयाचं नुकसान होतं.

आता मूळ प्रश्न. विकी एवढंच विचारतो की या गोष्टीवर तिच्याशी संबंध नसलेल्या माणसांनी, विश्वासार्ह ठिकाणी, जरा तपशिलात लिहिलंय का. संबंध नसलेल्या म्हणजे शाहीर, कंपनी, नातेवाईक, जाहिरात हे सोडून. तपशिलात म्हणजे नुसतं नाव आलंय असं नाही. अल्बमसाठी याशिवाय काही खुणा धरतात, राष्ट्रीय पातळीच्या चार्टवर आला, गोल्ड डिस्क मिळाली, मोठा पुरस्कार मिळाला, वगैरे. पण त्या खुणांचा अर्थही एवढाच की अशा अल्बमवर कुणीतरी लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त.

आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही पण नियम स्पष्ट आहे, कलाकार मोठा म्हणून त्याची प्रत्येक रेकॉर्ड आपोआप पानाला पात्र होत नाही. ज्या अल्बमवर गाण्यांच्या यादीपलीकडे लिहिण्यासारखं काही नाही तो कलाकाराच्या पानावर एका परिच्छेदात जातो आणि अल्बमच्या नावानं शोधणाऱ्याला तिकडं वळवणारं पुनर्निर्देशन करतात. माहिती हरवत नाही, फक्त जागा बदलते.

म्हणून डफराव, तुम्हाला एकच विचारतो. कॅसेट न ऐकता, शाहिरांना न ओळखता, फक्त छापलेल्या मजकुरावरून त्या कॅसेटबद्दल किती वाक्यं लिहिता येतील?

तांबडा_पांढरा

आधी तो पोवाडा ऐकवा की राव कुणीतरी, मग मत देतो. वाचूनच डफ ऐकू यायला लागलाय.

जुनी_कॅसेट

पेठेतला_डफ, तुमच्याकडं कॅसेट आहे का? असली तर प्लेअरमध्ये घालायच्या आधी थांबा. इतकी वर्षं पडून असलेल्या टेपवर आपल्याकडच्या पावसानं हमखास बुरशी धरते, पांढुरके ठिपके दिसतात कडेनं. तशीच लावली तर हेडही खराब आणि टेपही. आधी कुणा जाणकाराकडून साफ करून घ्या, मग चांगल्या डेकवर एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी काँप्युटरवर घ्यायची. डेकचं हेड त्या टेपला जुळवून घ्यायला लागतं नाहीतर आवाज दबका येतो आणि तुणतुणं तर ऐकूच येत नाही.

इनले कार्ड, म्हणजे कॅसेटच्या डबीतला छापील कागद, तो पण दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवा. कवी कोण, झीलकरी कोण, ढोलकी कुणाची, रेकॉर्डिंग कुठं झालं, कॅसेटचा नंबर, हे सगळं त्या चिटोऱ्यावरच असतं आणि दुसरीकडं कुठंच नसतं. माझ्याकडं अशा गावठाणी कंपन्यांच्या कॅसेटचे खोके भरलेत, निम्म्यांवर सालच नाही. साल नाही म्हटल्यावर पुढं सगळंच अडतं.

त्या काळात कॅसेट काढणं फार अवघड नव्हतं हेही लक्षात घ्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ज्याच्याकडं दोन डेक आणि थोडं भांडवल तो कंपनीवाला झाला. म्हणून तर धनगरी ओव्या, सोंगी भजन, डोंबाऱ्याची गाणी असलं जे ग्रामोफोनवाल्यांनी कधी रेकॉर्ड केलं नसतं ते आपल्याला मिळालं. पण त्याच कारणानं त्यावर कुणी परीक्षण लिहिलं नाही. पेपरवाले त्या मालाकडं संगीत म्हणून बघतच नव्हते.

कसबा_ते_मुंबई

>>>त्याच कारणानं त्यावर कुणी परीक्षण लिहिलं नाही

हेच! आणि म्हणूनच चावडीवरचा यांच्या म्हणण्याशी मी असहमत. नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे, पण ज्या समाजात गाण्यावर छापून लिहायची सवयच नाही, जिथं पोवाडा तोंडी शिकला जातो आणि तोंडीच दाद मिळते, तिथं 'छापील पुरावा आणा' म्हणणं म्हणजे दार बंद करणं. मराठी कॅसेटचा राष्ट्रीय चार्ट कुठला? मग त्या खुणा आपल्याला लागू कशा?

२०११ मध्ये अचल प्रभला यांनी यावरच एक प्रयोग केला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांसाठी लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून त्या विकीवर संदर्भ म्हणून वापरून बघितल्या. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्या पेठेचा नाही.

दुसरं, वाईच्या विश्वकोशाला २० खंडांत बसवायचं होतं, केतकरांच्या ज्ञानकोशाला २३, त्यांना निवड करणं भागच होतं. इथं कागद नाही, छपाई नाही. एक पान वाढलं तर कुणाचं काय जातंय?

चावडीवरचा

कसबा_ते_मुंबई, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, टाळत नाही.

कागदाचं. जागा संपत नाही हे खरं, पण लक्ष ठेवणारी माणसं संपतात. मराठी विकीवर नियमित काम करणारे किती आहेत ते तुम्हीही बघता. उद्या कुणी त्या पानावर साल बदललं, कवीचं नाव बदलून स्वतःच्या आजोबांचं घातलं, तर ते चूक आहे हे कशावरून ठरवायचं? छापील काही असेल तर मी कोल्हापूर सोडून नागपूरला बसलो तरी तपासू शकतो. नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. हे मी डोळ्यानं बघितलंय, एका गावच्या तमाशा फडाच्या पानावर दोन घराण्यांनी महिनाभर एकमेकांचे बदल उलटवले आणि शेवटी पानच गेलं. कुणाचीच नोंद राहिली नाही.

तोंडी पुराव्याचा तो प्रयोग मला फार आवडला होता, पण तो नेहमीचा नियम झाला नाही. मुलाखती घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. घ्याव्यात, पण त्या विकीवर थेट न टाकता आधी कुठंतरी प्रसिद्ध व्हाव्यात. विद्यापीठाचं नियतकालिक, पेपरची पुरवणी, एखादं पुस्तक. मग त्याच मुलाखती संदर्भ होतात. चार्टबद्दल पूर्ण सहमत, तो निकष आपल्या कॅसेटना लागूच होत नाही आणि त्यावरून कुणी पान काढत असेल तर मी स्वतः विरोध करीन.

जयपूर_अत्रौली

धागा वाचून राहवलं नाही.

कोल्हापूरनं याच प्रश्नाची दोन टोकं बघितलीत. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यांच्यामुळं एक अख्खं घराणं या गावाशी जोडलं गेलं. त्यांची बाजारात आलेली एकही रेकॉर्ड नाही. एकही नाही! तरी त्यांच्याशिवाय कुठला संगीतकोश पुरा होईल? कारण शिष्यांनी गायलं आणि लोकांनी लिहिलं.

दुसरं टोक म्हणजे त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर. भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. ते १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेलं. म्हणजे लांबी, खप, कंपनी यावर काही ठरत नाही. पुढं त्या गाण्याचं काय झालं आणि त्याबद्दल काय लिहिलं गेलं यावर ठरतं. आणि तरीसुद्धा ती हकीकत केसरबाईंच्या पानावर आणि त्या तबकडीच्या पानावर व्यवस्थित सांगता येते. स्वतंत्र पान नसलं म्हणजे त्या भैरवीची किंमत कमी झाली असं मला कधी वाटलं नाही.

शाहिरांचं पान आधी करा. माणूस आधी, कॅसेट मागून.

रंकाळ्याचा_वारा

अल्लादिया खाँसाहेबांची एकही रेकॉर्ड नाही हे माहीतच नव्हतं. वाचून गप्प झालो. पोरांचं रद्द.

हालगी_घुमकं

जरा अवांतर, पण जोतिबाच्या गाण्यांचा विषय निघालाय म्हणून. चैत्र यात्रेला सासनकाठ्या नाचवताना जी गाणी चालतात त्यातली निम्मी कुणाची आहेत हे कुणालाच माहीत नाही. एकानं रेकॉर्ड केलं की दुसरा दोन ओळी बदलून दुसऱ्या कंपनीत देतो, तिसरा त्यावर कीबोर्ड टाकतो. आमच्या वाजवणाऱ्या लोकांत तर एकाच चालीवर तीन गावं हक्क सांगतात. पान करताना 'मूळ गाणं यांचंच' असं लिहू नका कुणी. इनलेवर नाव आहे तेवढं सांगा की इनलेवर असं छापलंय.

जुनी_कॅसेट

हालगी_घुमकं +१. माझ्याकडं एकच जोतिबाचं गाणं चार कॅसेटवर चार कवींच्या नावानं आहे.

कागदपत्रवाली

डफदादा, मी संशोधनासाठी जुने पेपर चाळते म्हणून सांगते. पुरावा ऑनलाइनच असायला पाहिजे असं अजिबात नाही. पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव एवढं दिलं की जुना छापील पेपरही चालतो. इंग्रजी विकीवरसुद्धा मराठी संदर्भ चालतात.

करवीर नगर वाचन मंदिरात जा, १८५० पासूनची संस्था आहे, तिथं काय आहे ते स्वतः विचारा. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात विचारा. पुढारी कोल्हापूरचाच, पेठेतली बातमी आली असेल तर तिथं येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, शाहिरीवरचे प्रबंध बघा, लोकसाहित्यावर पीएचडी करणाऱ्यांनी अशा शाहिरांच्या मुलाखती घेतलेल्या असतात आणि परिशिष्टात कॅसेटची यादी पण सापडते कधी कधी. तो मजकूर पेपरातल्या चार ओळींपेक्षा कितीतरी भरीव असतो.

फक्त एक बघा, पेपरात दोन प्रकारचा मजकूर असतो. 'कॅसेटचे थाटात प्रकाशन' या मथळ्याखाली पाहुण्यांची नावं, स्वागत कुणी केलं, आभार कुणी मानले. वीस ओळींत गाण्याबद्दल अक्षर नाही. ती बातमी तारीख ठरवायला सोन्यासारखी, पण पान उभं राहायला तिचा उपयोग नाही.

पेठेतला_डफ

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदपत्रवाली ताई, तुम्ही म्हणता तसं शोधायला लागलो. शाहिरांच्या मुलाकडं एक फाईल निघाली. त्यांनी नाव द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलंय पण ते थेट पानावरच देईन. फाईलमध्ये आहे ते असं: इनले कार्ड मूळ. प्रकाशनाचं कात्रण, अगदी ताईंनी वर्णन केलं तसंच, पाहुणे आणि हार. एका दिवाळी अंकातला शाहिरांवरचा मोठा लेख, त्यात कॅसेटवर एक परिच्छेद आहे, पोवाड्यात वेदोक्त प्रकरणाचा भाग त्यांनी कसा रचला याबद्दल. आणि त्यांच्या निधनानंतरचा अर्ध्या पानाचा लेख, तो तारखेसकट आहे. शिवाय एका प्रबंधात त्यांची मुलाखत आहे असं मुलगा म्हणतो, ती अजून शोधायची आहे.

एक सांगायचं राहिलं, शाहीर माझ्या आत्याचे दीर. मी लिहिलं तर चालतं का?

चावडीवरचा

हे वाचून फार बरं वाटलं. एकेक बघू.

इनले कार्ड शाहिरांच्या बाजूचंच, त्यामुळं पात्रता ठरवायला धरत नाहीत, पण गाण्यांची यादी आणि श्रेयनामावलीसाठी बिनधास्त वापरा. प्रकाशनाची बातमी, फक्त तारखेसाठी. दिवाळी अंकातला लेख आणि निधनानंतरचा लेख, हे दोन्ही कुणी लिहिलेत ते बघा, घरच्यांनी किंवा कंपनीवाल्यानं लिहिले नसतील तर हे खरे भक्कम संदर्भ. त्यात प्रबंध मिळाला तर शाहिरांच्या पानाला कुणी हात लावणार नाही.

कॅसेटचं मात्र माझं मत असं की तिच्याबद्दल स्वतंत्र असा एकच परिच्छेद आहे. तो सुंदर आहे, वेदोक्ताचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा, पण एका परिच्छेदावर पान उभं राहत नाही. शाहिरांच्या पानात 'ध्वनिमुद्रण' असा विभाग करा, तिथं तो परिच्छेद, गाण्यांची यादी, सगळं घाला. कॅसेटच्या नावानं पुनर्निर्देशन करा. उद्या कुणी त्या पोवाड्यावर लेख लिहिला तर विभाग उचलून स्वतंत्र पान करायला पाच मिनिटं लागतात.

नात्याचं, लिहायला बंदी नाही. सदस्य पानावर आणि चर्चा पानावर नातं स्पष्ट लिहा, आधी धूळपाटीवर, म्हणजे विकीवरच्या सरावाच्या पानावर, मसुदा करा, मग आमच्यापैकी कुणीतरी तपासून मुख्य पानावर नेईल. 'लोकप्रिय', 'बुलंद आवाजाचे', 'रसिकांच्या मनावर अधिराज्य' असली विशेषणं एकही नको.

कसबा_ते_मुंबई

मी अजूनही म्हणेन की नियम बदलायला पाहिजेत आणि ते मी विकीच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडणार आहे. निदान लोकसंगीताच्या बाबतीत प्रबंधातली एक मुलाखत आणि एक लेख एवढं पुरेसं धरावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण या कॅसेटपुरतं चावडीवरचा यांनी सांगितलेली वाट पटते. शाहिरांचं पान असेल तर पोवाडा शोधणारा तिथपर्यंत पोचतो.

तांबडा_पांढरा

आणि ऐकायचं कधी? ऑडिओ टाकता येईल का विकीवर?

करारनामा

नाही, आत्ता नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. समजा कॅसेट १९९५ ची असेल तर २०५५ संपेपर्यंत. आणि ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्यानं निर्माता, म्हणजे तो दुकानदार किंवा त्याचे वारस, शाहिरांचं घर नव्हे. पोवाड्याच्या शब्दांचा हक्क वेगळा, तो कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. त्यामुळं पानावर अख्खा पोवाडा उतरवून टाकू नका, तेवढ्यानं पान अडचणीत येईल. कॉमन्सवर, म्हणजे विकीची चित्रं-ध्वनी ठेवतात तिथं, इनलेचा फोटोही परवानगीशिवाय चालणार नाही.

करता येण्यासारखं म्हणजे निर्मात्याचे वारस शोधून लेखी परवानगी घेणं. बंद पडलेल्या कंपनीचे वारस बहुतेक वेळा आनंदानं देतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

जुनी_कॅसेट

तोवर म्यूझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्स या रेकॉर्ड-कॅसेटच्या नोंदींच्या वेबसाइटवर नोंद करून ठेवा. तिथं पात्रतेचा प्रश्न नाही, कॅसेट खरोखर निघाली होती एवढं पुरे. नंबर, इनलेवरचा मजकूर, गाण्यांच्या लांबी सगळं टाकता येतं. फक्त ती नोंद विकीवर पुरावा म्हणून दाखवू नका, ती आपणच भरलेली असते. आणि माझ्याकडचा डेक नीट आहे, टेप साफ करून डिजिटल करायचं काम मी करून देतो, पैसे नकोत. घरच्यांच्या कपाटात एक हार्ड डिस्क राहिली तरी पुष्कळ.

पेठेतला_डफ

जुनी_कॅसेट, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, रविवारी घेऊन येतो. करारनामा साहेब, दुकानदाराचा मुलगा अजून महाद्वार रोडलाच असतो, त्याच्याशी बोलतो.

कॅसेटच्या पानाचा हट्ट सोडला. शाहिरांचं पान करतोय, नातं लिहून. धूळपाटीवर पहिले तीन परिच्छेद टाकलेत, कृपया सगळ्यांनी बघा. वेदोक्ताच्या परिच्छेदात मी दिवाळी अंकातली दोन वाक्यं जशीच्या तशी घेतलीत, ती बदलू का अवतरणात ठेवू?

कागदपत्रवाली

एक वाक्य अवतरणात ठेवा, लेखकाचं नाव आणि अंकाचं साल देऊन, दुसरं स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि प्रबंध मी शोधते, मार्गदर्शकांचं नाव किंवा साधारण साल मुलाकडून विचारून मला कळवा, म्हणजे परिशिष्टापर्यंत लवकर पोचता येईल.